गादीवरचा कॉम्प्युटर आणि माझी मान

मान माझी होती, पण तिच्यावर मत द्यायचा हक्क सगळ्या जालन्याला होता. मावशी म्हणायची, वारं भरलंय. काका म्हणायचे, उशी उंच झाली. शेजारच्या काकू म्हणायच्या, ओले केस बांधून झोपते, दुसरं काय होणार. डॉक्टर म्हणाले, नोकरी सोडा. आणि दुकानातले मुनीमजी चष्म्यावरून बघत म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. त्या म्हणीचा मला इतका राग आला की दुखणारी मान तशीच त्यांच्याकडे वळवून मी विचारलं, मुनीमजी, अंगण खरंच वाकडं असलं तर नाचणारीनं काय करावं? त्यांनी तपकिरीची डबी काढली. उत्तर नसलं की ते तपकीर ओढायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका अडत दुकानात मी कॉम्प्युटरवर कामाला होते. अडत म्हणजे शेतकऱ्यानं माल आणायचा आणि दुकानानं तो लिलावात विकून द्यायचा. घनसावंगीकडचं आमचं गाव. बारावीनंतर मी मावशीकडे राहून कॉम्प्युटरचा क्लास केला होता. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा माल वर्षानुवर्षं याच दुकानात यायचा. शेठजींनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं आणि तो चालवणारं कुणी मिळेना, तेव्हा आबांनी भीत भीत माझं नाव सुचवलं. मोंढ्यात तेव्हा बायका म्हणजे सांडलेलं धान्य झाडून गोळा करणाऱ्या, नाहीतर चाळणी मारणाऱ्या. दुकानात बसून काम करणारी पोरगी बघायला पहिल्या आठवड्यात शेजारच्या दुकानांतले लोक काहीतरी निमित्त काढून येऊन गेले.

कॉम्प्युटर दसऱ्याच्या मुहूर्तावर आला. त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, मॉनिटरला झेंडूचा हार घातला. तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न शेठजींच्या आईंनी सोडवला. दुकानातली लक्ष्मी गादीवर बसते, तर तिचा हिशोब ठेवणारं यंत्रही गादीवरच बसेल. गादी म्हणजे दुकानाचा अर्धा भाग व्यापणारी जाड बैठक, वर पांढरी चादर, भिंतीला तक्के. शेठजींचे आजोबा तिच्यावर बसले, वडील बसले, आता शेठजी बसत. तिच्यावर खुर्ची ठेवायचा विचारही पाप होता. खुर्चीत बसायचं म्हणजे लक्ष्मीच्या डोक्यावर पाय सोडून बसायचं. बँकेचे साहेब आले तरी जोडे काढून, मांडी घालून बसत. मग सुतारानं कॉम्प्युटरसाठी वीतभर उंचीचं बैठं मेज केलं आणि त्यावर ते धूड विराजमान झालं. मशीन जोडायला आलेला माणूस ते सगळं बघून हसला, सही घेतली आणि निघून गेला.

त्या मेजापुढे मी सकाळी मांडी घालून बसायचे ते दिवे लागेपर्यंत. पडदा माझ्या पोटासमोर. कीबोर्ड मांडीवर घेतलेल्या उशीवर. आणि काट्यावरून येणाऱ्या पट्ट्या, म्हणजे कुणाचा किती माल ते लिहिलेल्या चिठ्ठ्या, डाव्या गुडघ्याजवळ चादरीवर. पट्टी बघायला खाली डावीकडे, पडदा बघायला खाली समोर. दिवसभरात मला वर बघायचं काहीच कारण पडत नसे. दिवाळीपर्यंत डाव्या खांद्यापासून कानाच्या मागपर्यंत एक दोर ताणल्यासारखा झाला आणि संक्रांत जवळ येईपर्यंत तो सुटेना. रस्ता ओलांडताना मागून रिक्षा येते का ते बघायला मान वळेना. बैलगाडी वळवावी तसं सगळं अंगच वळवावं लागे.

मावशीचे उपाय प्रेमाचे होते, त्यामुळे त्यांना नाही म्हणणं अवघड. तिनं मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं. तिळाच्या तेलात लसूण जाळून चोळलं. उशी काढून घेतली, मग टॉवेलची गुंडाळी दिली, मग तीही काढून घेतली. शेकानं बरं वाटायचं, हे खोटं कशाला बोलू. पण रात्री सैल केलेली मान मी सकाळी पुन्हा त्या मेजापुढे नेऊन वाकवत होते. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा आमचा कारभार चालला होता. मला ते कळत होतं, कारण मोंढ्याला सुट्टी असली की दुपारपर्यंत मान मऊ पडायची. क्लासमध्ये टेबलखुर्चीवर महिनोन् महिने टाइप केलं तेव्हा कधी दुखली नव्हती. हे मी मावशीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, एवढं डोकं चालवू नको, म्हणून तर दुखतंय.

काकांनी ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी गळ्याला पट्टा दिला. पांढरा, जाड, हनुवटीला टेकणारा. दिवसभर घाला आणि ते मशीनचं काम बंद करा, मुलींच्या अंगाला ते झेपत नाही, असं ते म्हणाले. मशीनपुढे मुलगा बसलाय की मुलगी, हे मशीनला कसं कळतं, असं मी विचारणार होते, पण काकांनी खोकून मला गप्प केलं. पट्टा घालून मी मोंढ्यात गेले त्या दिवशी हमालांना करमणूक मिळाली. बैलाला गोंडा बांधलाय म्हणाले. मी तो संध्याकाळी काढून मावशीच्या खुंटीला अडकवला.

ही बातमी गावाला पोचली आणि आबा आले. त्यांनी खुंटीवरचा पट्टा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. मानेचं दुखणं त्यांना दिसलं नसतं, पण पट्टा दिसला. पट्टा घातलेली पोरगी पाहुण्यांसमोर कशी बसवायची, हे त्यांच्या मनात चालू होतं. ते उघड बोलेनात, ताकाला जाऊन भांडं लपवत राहिले. गावात कुणाकुणाची लग्नं ठरली तेवढंच मावशीला सांगत बसले. शेवटी मीच विचारलं, आबा, मला परत न्यायला आलात का? ते जमिनीकडे बघत म्हणाले, "तुरी निघूस्तोर पाहू माय. मान बसली तर बसली. न्हाई तर गावाकडं चालायचं. तुरी घेऊन मोंढ्यात येईन तव्हा काय ते ठरवू."

म्हणजे माझ्या नोकरीची मुदत तुरीच्या शेंगांवर येऊन ठेपली. मला परत जायचं नव्हतं, बिलकुल नाही. गावात माझ्याबरोबरच्या पोरींची लेकरं अंगणात रांगत होती आणि त्यात वाईट काही नव्हतं, पण मला सकाळी तयार होऊन, डबा घेऊन मोंढ्यात जायला आवडायचं. काटापट्टीवरचे आकडे मी भराभरा टाकत गेले की संध्याकाळी प्रिंटर किरकिरत शेतकऱ्याची पावती बाहेर टाकायचा. ती हातात घेताना शेतकरी माझ्याकडे बघून मान डोलवायचा. ते सुख मला एका दोरासारख्या शिरेपायी सोडायचं नव्हतं. मला मानही हवी होती आणि कामही हवं होतं, आणि दोन्हीपैकी एकच मिळेल असं मला जो सांगे त्याच्यावर माझा विश्वास बसत नसे.

जायच्या आधी आबांनी एक शेवटचा उपाय काढला. शहागडला हायवेच्या कडेला मान बसवणारा एक माणूस होता. ट्रकवाल्यांत त्याचं मोठं नाव. आम्ही जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गेलो. चहाच्या टपरीमागे एक स्टूल मांडलेलं, समोर ड्रायव्हरांची रांग. तो एकेकाच्या हनुवटीला एक हात, डोक्याला एक हात लावायचा, बोलता बोलता एक झटका द्यायचा आणि कडकन आवाज यायचा. ड्रायव्हर उठून खांदे झटकत जायचे. एकजण मात्र उठताना तोल जाऊन टपरीच्या बल्लीला धरून उभा राहिला आणि बराच वेळ तसाच राहिला. माझा नंबर आला. मी स्टुलावर बसले. हनुवटीला त्याचा हात लागला आणि मी उठून उभी राहिले.

आबा रांगेसमोर ओशाळे झाले. म्हणाले, बस की, येवढ्या दूर आलो. मी म्हटलं, आबा, माझ्या मानेला झटका द्यायचा न्हाई. तो माणूस वाईट नव्हता, त्यानं नुसते हात झाडले आणि पुढच्याला बोलावलं. परतीच्या जीपमध्ये आबा बाहेर बघत बसले. मला लाज वाटत होती का, असं नंतर कुणी विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं. वाटत नव्हती.

त्यानंतर मी कुणाला न विचारता दुपारच्या सुट्टीत सरकारी दवाखान्यात गेले. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई नव्यानंच आल्या होत्या. खेकसून बोलायच्या. त्यांनी मानेला हात लावायच्या आधी मला विचारलं, "काम करताना कशी बसतेस ते दाखव." मी तिथंच फरशीवर मांडी घातली, त्यांची औषधाची रिकामी खोकी पुढे ओढली आणि म्हटलं, हा पडदा, ह्या पट्ट्या, अशी. त्या खाली वाकून माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मला उठवलं.

"पाणी आणलंयस का कधी डोक्यावरून?" त्यांनी विचारलं. आणलं होतं, गावात दुसरं काय केलं होतं. "घागर सरळ असली तर कितीही लांब चालतेस. तीच घागर पुढे कलली तर? तुझं डोकं म्हणजे भरलेली घागर आहे, आणि तू ती दिवसभर पुढे कलती धरून बसतेस. मान चांगली आहे तुझी. तिची बैठक बदल."

मला त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली. कुणीतरी पहिल्यांदा मानेला सोडून मेजाला दोष दिला होता. त्यांनी मग एकेक सांगितलं आणि मला करून दाखवायला लावलं. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. पट्ट्या जमिनीवर नकोत, पडद्याशेजारी उभ्या. पाठीला तक्का, कोपरं अंगाजवळ. अर्ध्या तासानं उठायचं, काहीही होवो. उठलं की लांबचं काहीतरी बघायचं. हनुवटी आत ओढून डोकं मागे न्यायचं, पण आभाळाकडे नाही, सरळ मागे. खांद्याची पाती एकमेकींकडे ओढायची आणि सोडायची. शेक चालेल. पट्टा फारच दुखलं तर थोडा वेळ, दिवसभर घातला तर मान आळशी होते. आणि हाताला मुंग्या आल्या किंवा हातातून वस्तू सुटायला लागली तर तडक इकडे यायचं, शहागडला जायचं नाही. शहागडचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. बहुधा माझ्याआधी बरेचजण तिकडून त्यांच्याकडे आले असावेत.

दुसऱ्या दिवशी मी शेठजींकडे खुर्ची मागितली. गादीच्या खाली, दाराशी, कुठेही. शेठजी स्वभावानं मऊ होते, पण त्यांनी कानाला हात लावले. यंत्राची जागा आईनं ठरवलेली, ती हलवायची नाही, आणि गादीवर खुर्ची म्हणजे आजोबांच्या फोटोसमोर त्यांना उभंच राहता येणार नाही. मुनीमजींनी भर घातली की ते स्वतः त्याच गादीवर बसून, त्यांच्या उतरत्या मेजावर लिहून म्हातारे झाले, त्यांनी कधी तक्रार केली नाही. ते खरं होतं. पण मुनीमजी चालायला लागले की त्यांची हनुवटी छातीला टेकायची आणि समोरून कोण येतंय ते बघायला त्यांना डोळे कपाळात न्यावे लागायचे. मी ते बोलून दाखवलं नाही, एवढा माझा संयम.

मग मी जे माझ्या हातात होतं ते करायला लागले. पट्ट्या दोरीला चिमट्यानं लटकवल्या. अर्धा तास झाला की उठून ओट्यावर यायचे, समोरच्या कडुलिंबाच्या शेंड्याकडे बघायचे, हनुवटी मागे ओढायचे, खांदे ओढायचे आणि सोडायचे. भर मोंढ्यात, सगळ्यांच्या देखत. हमाल पोत्यावर बसून माझी नक्कल करायचे, माना मागे घेऊन कोंबड्यासारखे चालायचे. पहिले काही दिवस कानशिलं तापली. मग मी त्यांना म्हटलं, चुकीचं करून राह्यले तुम्ही, हनुवटी आत घ्या, वर न्हाई. त्यांना मजा वाटली. पाठीवर पोती वाहून त्यांच्याही माना आखडलेल्याच होत्या. दोघंतिघं खरंच करू लागले आणि बाकीच्यांनी चिडवायचं सोडलं. मुनीमजी मात्र माझ्या प्रत्येक उठण्याला डबी उघडायचे.

मान थोडी सैल पडली. पण पडदा खालीच होता, आणि तुरी वाळत आल्या होत्या. मी मेजावर टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्या रचल्या, तर मॉनिटर डुगडुगू लागला. वर्तमानपत्रांचा गठ्ठा दाबला गेला. मग एके सकाळी माझं लक्ष देवाच्या फोटोखालच्या पायलीकडे गेलं. पायली म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप, लोखंडी, पितळी पट्ट्यांचं, चांगलं वीतभर उंच. काटा आल्यापासून तिला काम नव्हतं, लक्ष्मीपूजनाला तेवढी पुसली जायची. मी मशीन बंद केलं, एका हमालाला मॉनिटर उचलायला लावला आणि पायली मेजावर पालथी घातली. वर मॉनिटर ठेवला. जागच्या जागी घट्ट बसला.

मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. आमच्या घरीसुद्धा माप पालथं ठेवलं की आई ओरडायची. मोंढ्यात तर पालथं माप म्हणजे दुकान बसलं, मोजायला काही उरलं नाही, अशी खूण. पण मला पडदा वर हवा होता आणि मला दुसरं काही मिळत नव्हतं. शेठजी लग्नाला बाहेरगावी गेले होते, दुपारी यायचे होते. मुनीमजी बँकेत होते. मी बसले, आणि त्या दुकानात पहिल्यांदा मला काम करता करता समोरचं घड्याळ दिसलं, दाराबाहेरचा लिंब दिसला, येणारा माणूस आत येण्याआधी दिसला. मी त्या सकाळी फार भराभर काम केलं.

येणारा माणूस शेजारच्या दुकानाचा दलाल होता. त्यानं पायली पाहिली, चहा नको म्हणाला आणि निघून गेला. मग एकजण येऊन दारातूनच डोकावून गेला. मग दोघे आले. भोकरदनकडून दरसाल आमच्याकडेच उतरणारा एक टेम्पो दुपारी शेजारी उभा राहिलेला मी माझ्या त्या नव्या उंचीवरून स्वच्छ पाहिला. मुनीमजी बँकेतून आले, त्यांनी पायली पाहिली आणि ते गादीवर न चढता खालीच उभे राहिले. पाठोपाठ शेठजी आले. मोंढ्याच्या फाटकापासून तिघांनी त्यांना विचारलं होतं की दुकानाचं काय झालं. आणि शेठजींच्या मागोमाग, खांद्यावर टॉवेल, पायाला धूळ, तुरीचा टेम्पो बाहेर लावून, आबा आले.

शेठजी ओरडले नाहीत. त्यांचा आवाज कापत होता, ते मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. "बेटी, ते माप पहिले सीधं कर. बाकीचं मंग बोलू."

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "सीधं केलं तर पडदा पुन्हा खाली जाईल, शेठजी. मी पुन्हा तसं बसणार न्हाई."

"मंग घरी जा. तुझे वडील पण आलेत."

सगळे आबांकडे बघायला लागले. ते ओट्याच्या पायरीवर उभे होते. मला वाटलं, संपलं. तुरी निघाल्या, आबा आले, आणि मालकानं स्वतःच्या तोंडानं घरी जा म्हटलं. आबांना आता काही बोलायचीही गरज नव्हती. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो, तो तेव्हाही आला.

"घरी बी जाणार न्हाई," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "माझी मान चांगली हाय. काम मला येतं, तुमाला म्हाईत हाय. खुर्ची द्या, न्हाई तर पडदा वर राहू द्या. दोन्ही न्हाई म्हणता, हे बराबर न्हाई."

आबांनी पायातल्या वहाणा काढल्या. शेतकरी गादीवर चढत नसत. काठावर टेकून, पाय बाहेर सोडून हिशोब ऐकायचे आणि उठायचे. आबा इतक्या वर्षांत कधी काठाच्या आत आले नव्हते. ते त्या पांढऱ्या चादरीवर धुळीच्या पायांनी चढले आणि माझ्याकडे आले. मी खांदे आवळून धरले, मला वाटलं हाताला धरून उठवतात.

"हे धूड धर जरा," ते म्हणाले.

मी बटण बंद केलं, मॉनिटर उचलून मांडीवर घेतला. आबांनी पायली उचलली, सरळ केली, खांद्यावरच्या टॉवेलनं आतून पुसली. मग ते बाहेर गेले. आपल्या टेम्पोतल्या एका पोत्याचं तोंड सोडलं आणि पायली भरली. खळ्यावर भरायचे तशी, शीग चढेपर्यंत, आणि मग तळहातानं शीग सपाट केली. भरलेली पायली दोन्ही हातांनी धरून ते पुन्हा गादीवर चढले आणि ती त्यांनी मेजावर ठेवली. देवाच्या फोटोपुढचा पाट मुनीमजींना मागितला. मुनीमजींनी शेठजींकडे पाहिलं. शेठजींनी अडवलं नाही, म्हणून त्यांनी पाट दिला. पायलीवर पाट, पाटावर मॉनिटर.

आबा शेठजींना म्हणाले, "पालथं व्हतं त्याचा बोभाटा झाला. आता भरलेलं हाय, तुमच्या गादीवर हाय, आन दारातून दिसून राह्यलं. मोंढ्यातल्या कुणाची म्हणायची हिंमत हाय का, दुकान बसलं म्हून?"

शेठजी व्यापारी होते. त्यांनी दारातून बाहेर पाहिलं, तिथं अजून चारदोन माणसं डोकावत होती. मग पायलीकडे पाहिलं. मग हळदकुंकवाची कुयरी मागवली आणि पायलीला दोन बोटं लावली. चहा सांगितला. शेजारच्या दुकानासमोरचा तो भोकरदनचा टेम्पो त्या दिवशी परत आला नाही, पण पुढच्या खेपेला आमच्याकडेच आला.

आबा मात्र तिकडे बघतच नव्हते. ते माझ्याशेजारी उकिडवे बसले होते. मी मशीन सुरू केलं, पडदा उजळला. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, मग पडद्याच्या कडेकडे, आणि हात आडवा धरून मोजल्यासारखं केलं.

"पाह्य आता. बराबर डोळ्यासमोर आला का?"

"आला," मी म्हटलं.

पुढे दुकानातला कॉम्प्युटर बदलला, मेज बदललं, शेठजींच्या मुलानं गादी काढून काउंटर केला तेव्हा खुर्च्याही आल्या. पायली अजून तिथं आहे म्हणतात. मीही नोकऱ्या बदलल्या, दुसऱ्या टेबलांशी भांडले, साहेबांकडे त्यांचीच नियमांची जाडजूड पुस्तकं मॉनिटरखाली ठेवायला मागितली. अर्ध्या तासानं उठते म्हणून माझ्याबद्दल तक्रारी झाल्या, त्या होऊ दिल्या. घरातली पोरं मोबाइलवर वाकलेली दिसली की मी त्यांच्या हनुवटीला बोट लावते आणि मोबाइलचा हात वर उचलते. ती वैतागतात. वैतागू देत.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. तुरी विकल्या गेल्या आणि मी आबांना स्टँडवर सोडायला गेले. घनसावंगीची गाडी लागलेली होती. दिवसभर त्यांनी मला गावाकडे चल म्हटलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून ते थांबले.

"उद्या पाव्हणे येणार व्हते तुला पाह्यला," ते म्हणाले. "तुला घिऊनच जायचं म्हून आल्तो मी."

"मंग आता?"

"आता काय. सांगतो त्यायला, पोरगी कामावर हाय. मोकळी न्हाई."

ते आत जाऊन बसले. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली आणि फाटकातून डावीकडे वळली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले, अंग न हलवता, नुसती मान वळवून. दुखत होती अजून थोडी, पण वळली.